समोरच्या घरी जाणारी वाट

छकुलीने एंटर दाबलं आणि पडद्यावर एकेक ओळ उतरू लागली; एक ओळ म्हणजे संदेशाच्या वाटेतला एक थांबा. आईच्या खोलीतून निघालेला संदेश शहराबाहेर पडला, समुद्रापलीकडच्या देशात पोहोचला, तिथून माघारी वळला आणि रस्त्यापलीकडे काकूच्या घरात शिरला.

"आई, तुझं व्हायोलिन अर्धं जग फिरून काकूकडे जातंय. मग ताल कसा जुळणार?"

आई नुसती हसली. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती चार जिने उतरली नव्हती, आणि काकूचा पियानो काही जिने चढून येणारा नव्हता. दोघी जावा नव्या सुना होत्या तेव्हापासून एकत्र वाजवत आलेल्या. पुढे नवऱ्यांचं फाटलं, धंदा वाटला गेला, तरी यांचं वाजवणं चुकलं नव्हतं. आता मात्र आपापल्या घरून इंटरनेटवर वाजवताना आईचा सूर काकूला उशिरा ऐकू जायचा, काकू थांबायची, म्हणून आई थांबायची, आणि सगळा विचका व्हायचा. "राहू दे आता," म्हणत आईने व्हायोलिन पेटीत घातलं, तेव्हापासून छकुलीला चैन नव्हतं.

इंजिनिअर झाली तरी ती घरात छकुलीच होती. बाबांच्या इंटरनेट कंपनीत ती काम करायची; काकांची कंपनी वेगळी. संदेशाची वाट नकाशावरून ठरत नाही, कोणाचं कोणाशी जुळतं यावरून ठरते, हे ती नवख्यांना नेहमी समजावायची. बाबांनी आणि काकांनी एकमेकांशी तार जोडली नव्हती. दोघांच्या तारा जिथे एकत्र येत, ती जागा समुद्रापलीकडे होती.

"बाबा, आपलं आणि काकांचं यंत्र एकाच इमारतीत, एकाच खोलीत आहे. हातभर वायर पुरेल."

बाबा चष्मा पुसत राहिले. "त्याची हरकत नसेल, तर माझी कशाला असेल?"

ती तडक रस्ता ओलांडून काकांकडे गेली. काकांनी ऐकून घेतलं, खिडकीबाहेर पाहिलं.

"त्याची हरकत नसेल, तर माझी कशाला असेल?"

काकांचा मुलगा, त्यांच्याच कंपनीत काम करणारा तिचा दादा, दारातच उभा होता.

"म्हणजे कोणाचीच नाही," तो हळूच म्हणाला. हसू दाबत दोघं जिना उतरले आणि रस्त्यावर येताच चक्क पळत सुटले.

यंत्रांच्या खोलीत थंडी आणि घरघर होती. वायरचं एक टोक दादाने काकांच्या यंत्रात बसवलं, दुसरं तिने बाबांच्या. हिरवा दिवा लागला. मग दोघांनी आपापल्या यंत्राला दुसऱ्याचे पत्ते शिकवले. एखादा आकडा चुकला तर इंटरनेट बंद पडून अख्ख्या शहराची बोलणी खावी लागली असती. छकुलीने आकडे एकदा ताडून पाहिले. तिने पुन्हा एंटर दाबलं.

मघाशी पडदाभर उतरलेल्या ओळी आता मोजून तीन होत्या.

"दादा, बघ."

"बघतोय की," तो म्हणाला.

वाटेतूनच फोन करून ती धापा टाकत घरी पोहोचली तेव्हा आईने हनुवटीखाली व्हायोलिन धरलं होतं. स्पीकरमधून पियानोचा पहिला स्वर आला आणि त्याच क्षणी आईचा गज तारांवर फिरला. कोणी थांबलं नाही. आईचे गाल तापल्यासारखे लाल झाले, पुढची ओळ तिने मुद्दाम जलद घेतली, आणि काकूने ती तशीच उचलली. छकुली जमिनीवरच बसली. बाबा कधी दारात येऊन उभे राहिले, ते तिला कळलं नाही.

वाजवणं संपलं. दोघी एकदमच हसल्या. मग स्पीकरमधून खोकला ऐकू आला. खोल, बराच वेळ न थांबणारा. तो काकूचा नव्हता.

बाबा आत आले, माईकपाशी वाकले.

"औषध घेतोस का?"

छकुलीने सवयीने पडद्याकडे पाहिलं. लाइन व्यवस्थित होती.

"संपलंय," काका म्हणाले.

बाबा सरळ झाले आणि चपला शोधू लागले.