उजवीकडची प्रत

"अगं, हे आपोआप कसं लिहितंय?" मावशी खुर्चीतून अर्धवट उठल्या.

त्यांनी लॅपटॉपवर डावीकडे 'मशीन तीन' असं टाइप केलं होतं. उजवीकडे तेच शब्द रंगवलेल्या पाटीसारखे ठळक उमटले होते.

"आपोआप नाही, आई. लिहिलेलं शेवटी कसं दिसेल, ते तिकडे लगेच दिसतं," सून म्हणाली. तिने हे लिहायचं ॲप नुकतंच लॅपटॉपवर बसवलं होतं. बसवताना काळ्या चौकटीत पांढऱ्या ओळी भराभर पळाल्या, तेव्हा मावशींना वाटलं, काहीतरी बिघडलंच. "ओळीआधी ही जाळीसारखी # खूण टाकली की अक्षर मोठं होतं. आणि उठताना सेव्ह करून बंद करा."

"तिकडचंही बंद करायचं?"

"तिकडे नुसतं बघायचं."

मावशी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. उद्या त्यांचा शेवटचा दिवस. तिथल्या भिंतीवरच्या टीव्हीसारख्या नव्या पडद्यासाठी कामाच्या सूचना त्यांनीच लिहाव्यात, असं साहेबांनी सांगितलं होतं. बाकी सूचनांचं मावशींना फारसं पडलं नव्हतं. पण तीन नंबरच्या मशीनचं दार ड्रम थांबायच्या आधीच उघडायचं. त्यात सोबतच्या बाईची बोटं गेली होती. मेकॅनिक दुरुस्ती झाली म्हणून सांगून गेले, तरी दार उघडतच होतं. उद्यापासून तिथे नवी बाई उभी राहणार होती.

सून बाजारातून परतली, तेव्हा मावशी निवांत भाजी निवडत होत्या.

"आई, फाइल रिकामी आहे!"

"डावीकडचं पुसलं मी. उजवीकडे उतरलं होतं ना सगळं?"

"पुसलं? का?"

"मग? उतरवून झाल्यावर भरलेली पाटी कुणी ठेवतं का?"

मावशी पन्नाशीत अक्षरं शिकल्या. वर्गात पाट्या कमी, बाया जास्त. वहीत उतरवलं की पाटी पुसून पुढचीला द्यायची. न पुसता दिली तर सगळ्या हसायच्या.

"पण पुसताना तिकडचंही गेलं असेल. दिसलं नाही?"

"दिसलं की. मला वाटलं, साहेबांकडे गेलं."

"आणि सेव्ह?"

"केलं. बंदही केलं. तूच म्हणालीस."

सुनेला हसू फुटलं. मग तिचं लक्ष सासूच्या चेहऱ्याकडे गेलं आणि हसू तिथेच थांबलं. "तुम्ही सांगा, मी लिहिते."

"नको. तू नुसती जवळ बस." मावशींनी बोट उचललं, पुन्हा खाली घेतलं. "मग खरं कुठलं? इकडचं की तिकडचं?"

"इकडचं."

"आणि लोक वाचणार तिकडचं?"

"हो."

मावशींना ते काही पटलं नाही. पण वेळ नव्हता. साबणाचं, चादरींचं सगळं त्यांनी सोडून दिलं; फक्त तीन नंबरच्या मशीनचं लिहिलं.

सकाळी साहेब पडद्यासमोर उभे राहिले. "मावशी, एवढंच?"

"एवढंच."

ते गेल्यावर मावशींनी पडद्याच्या डावीकडे हळूच डोकावून पाहिलं. तिथे भिंत होती.

तीन नंबरच्या मशीनचं दार टक करून उघडलं. आत ड्रम अजून गरगरत होता. नवी बाई दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभी राहिली, तो थांबेपर्यंत.

मावशींनी पुढची चादर घडी करायला घेतली.