आधी चिमटा

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं टॅलबर्ग कॉलेजच्या मैदानावर साखळी सांभाळली आणि त्या एकतीस वर्षांत एकदाही टाळी वाजवली नाही. साखळीवाल्यांना ती मुभाच नसते. चौघंही गावचेच, पण कडेला उभं राहायचं ते पंचांची माणसं म्हणून. आरडाओरडा केला तर पाहुणा संघ तक्रार करतो.

दहा यार्डांची साखळी, दोन टोकांना दोन काठ्या. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं असतं; जमलं तर काठ्या पुढं सरकतात आणि नवे चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू दुसऱ्या संघाचा. शंका आली की साखळी आत नेऊन, ताणून मोजायची. पण एकदा उचललेली साखळी पुन्हा नेमकी जागेवर कशी ठेवणार? म्हणून मैदानावर दर पाच यार्डांवर आखलेल्या पांढऱ्या रेषांपैकी जवळच्या रेषेला ती जिथं ओलांडते, तिथं तिला एक चिमटा लावून ठेवतात. वडिलांचं काम एवढंच होतं. एप्रिलमध्ये ते गेले. ऑगस्टमध्ये पुढची काठी धरणारे डेल्मरकाका वडिलांचं नारिंगी जाकीट घेऊन कॉलेजच्या ग्रंथालयात आले, माझ्या कामाच्या टेबलापाशी.

"मॅरिट, एक हंगाम करून बघ. नाही जमलं तर तोंडावर सांगेन."

जाकिटाच्या खिशात पुदिन्याच्या तीन गोळ्या होत्या. मी त्या काढल्या नाहीत.

दुसऱ्याच सामन्यात मी चुकले. आमच्या पोरानं चाळीस यार्ड धाव घेतली, सगळे उभे राहिले, काठ्या पुढं गेल्या, आणि मी नुसती बघत राहिले. थोड्या वेळानं पंचानं मोजायला बोलावलं, तर साखळीवर चिमटाच नाही. अंदाजानं ठेवावी लागली. चेंडू हातभर पुढं होता म्हणून कुणी भांडलं नाही.

"तुझा बाप काय म्हणायचा, आठवतंय ना?" डेल्मरकाका माझ्याकडं न बघता म्हणाले. "आधी चिमटा, मग आनंद."

"घरीसुद्धा तेच म्हणायचे. माझ्या लग्नातही."

"आणि अजून डोक्यात शिरलं नाही?"

त्यानंतर मी चुकले नाही, आणि आमचा संघही हरला नाही. हंगामाआधी सगळ्यांनी आम्हाला सहाव्या नंबरवर टाकलं होतं. ऑक्टोबर उलटला तेव्हा आठ विजय झाले होते, मग नऊ. गावच्या न्हाव्यानं आरशावर खडूनं आकडा लिहायला सुरुवात केली. चर्चच्या जेवणात राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल वाढताना बायका आमच्या पोरांच्या घोट्यांची चौकशी करत. एकही सामना न हरता हंगाम संपवणं टॅलबर्गला कधीच जमलं नव्हतं. वडील दर नोव्हेंबरात बूट काढता काढता म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

शेवटचा सामना प्रेंटिसशी होता, आमच्याच मैदानावर. तीन मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढं होतो. टीग नावाच्या आमच्या पोरानं उडी मारून चेंडू झेलला आणि मैदान दणाणलं. काठ्या पुढं गेल्या. मी खाली वाकले आणि चिमटा लावला. मग वर बघितलं.

तीन प्रयत्नांत साडेनऊ यार्ड झाले. चौथ्याला आमच्या प्रशिक्षकानं चेंडू रीतीप्रमाणे लाथेनं लांब न घालवता उरलेल्या अर्ध्या यार्डासाठी जुगार खेळला. पोरं एकमेकांवर कोसळली. ढीग उपसला तेव्हा चेंडू काठीच्या आसपास होता. नेमका कुठं, ते कुणालाच सांगता येईना. दहा यार्ड भरले तर सामना आमचा. नाहीतर चेंडू प्रेंटिसचा, सव्वा मिनिट हातात, आणि त्यांना खांबांमधून मारलेल्या एका किकचे तीन गुण पुरे होते.

"घरची माणसं, घरची साखळी!" प्रेंटिसचा प्रशिक्षक टॉलिव्हर लालबुंद होऊन ओरडला. "साखळी सरकवली यांनी, मी बघितलंय! आणि ही बाई कोण? म्हातारे संपले का तुमचे?"

"एक उरलाय," डेल्मरकाका पुटपुटले.

पंच माझ्याकडं वळला. "चिमटा?"

"पंचेचाळीसच्या रेषेवर. मागची कड."

त्यानं चिमट्याशी साखळी धरली. आम्ही आत गेलो. मैदानाच्या आत, त्याच रेषेच्या मागच्या कडेवर, त्यानं चिमटा टेकवला. प्रेंटिसचा कप्तान गुडघ्यावर बसून बघत होता. डेल्मरकाकांनी साखळी ताणली आणि काठी रोवली.

चेंडूचं नाक काठीच्या दोन बोटं पुढं होतं.

कप्तानानं चेंडू बघितला, मग मागं जाऊन चिमटा बघितला. उठून आपल्या प्रशिक्षकाला ओरडून म्हणाला, "सर, बरोबर आहे!"

त्यावर मैदानातून जो आवाज उठला, तो मला सांगता येणार नाही. पायाखालचं गवत हललं, एवढंच. आम्ही चौघं साखळी घेऊन कडेला परतलो. डेल्मरकाकांचा चेहरा दगडासारखा होता. मी पुन्हा वाकले, चिमटा नव्या जागी लावला. आमच्या पोरांनी चेंडू हातात घेऊन तीनदा नुसता गुडघा टेकवून वेळ संपवला. घड्याळावर शून्य आलं आणि गाव कुंपणावरून आत उतरलं.

मी चिमटा काढून खिशात टाकला, गोळ्यांशेजारी.

"आता?" मी विचारलं.

"आता," डेल्मरकाका म्हणाले, आणि टोपी आकाशात भिरकावून असे काही ओरडले, की शेजारचं पोलिसाचं कुत्रं भुंकायला लागलं. मग मीही ओरडले. घसा फुटेपर्यंत. मध्येच कधीतरी रडायला आलं, तरी थांबले नाही.

टोपी शोधून आल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"पुढच्या हंगामाला ते जाकीट धुऊन आण. वास येतो."

"धुणार नाही," मी म्हटलं.