पायांतून निघालेली कंपनी

हेंद्रेपाड्यातल्या लग्नाच्या हॉलमध्ये रविवारी लग्न नव्हतं, तरी वऱ्हाडापेक्षा जास्त माणूस जमला होता. दारात टोकनसाठी रेटारेटी चालली होती. एका रिक्षावाल्याचं कोपर एका म्हाताऱ्याच्या तोंडावर बसलं आणि त्याचा दात पडला. म्हातारा तो दात मुठीत धरून रांगेतच उभा राहिला. नंबर जाईल म्हणून तोंड धुवायलासुद्धा हलला नाही.

आत, एरवी जिथे नवरा-नवरी बसतात तिथे, एक निळा प्लास्टिकचा टब ठेवला होता. टबात कोमट पाणी, पाण्यात बोटभर सळ्यांचं एक नळकांडं, आणि नळकांड्याची वायर शेजारच्या डब्यात गेलेली. टबात पाय सोडून बसला होता महेंद्र. राहणारा अंबरनाथच्या मोरिवलीचा, आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं घासलेला. त्याची आई गयाबाई, बायको यशोधरा आणि चौदा वर्षांची मुलगी पायल पुढच्याच रांगेत बसल्या होत्या.

"पाणी कसं होतं?" कैलाससरांनी माईकमध्ये विचारलं. अंगात पांढरा कोट होता, गळ्यात नळी होती, डॉक्टर मात्र ते नव्हते. वेलनेस कोच होते.

"साफ होतं," पब्लिक म्हणालं.

"आणि आता?"

पाणी आधी पिवळं झालं, मग नारिंगी, मग तपकिरी. वर मळकट फेस आला, फेसात काळे कण फिरायला लागले.

"नारिंगी म्हणजे सांधे. काळं म्हणजे लिव्हर. आणि हा फेस बघा भाऊ, ही तुमची कंपनी. एकोणीस साल की कंपनी पायातून बाहेर पडतेय. डॉक्टर तुम्हाला काय देतो? गोळी. गोळी म्हणजे काय? केमिकल. केमिकलवर केमिकल टाकतो तो. आग लागली तर तुम्ही रॉकेल ओतता का?"

महेंद्र रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, टबात पाय सोडून हुंदके देत होता.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. अंबरनाथच्या माणसाला पाण्याचा रंग वाचायची सवय असते. गयाबाई लग्न होऊन आली तेव्हा वालधुनी नदीच्या काठी बायका धुणं धुवायच्या, पोरं मासे धरायची, आणि दगडावर वाळत टाकलेल्या लुगड्यांनी काठ रंगीत दिसायचा. मग काठाऐवजी पाणीच रंगीत झालं. आज लाल आलं, उद्या हिरवं, आणि रंग बघून लोक सांगायचे की कुणी काय सोडलंय. काळं पाणी म्हणजे विष, हे या लोकांना कुणी शिकवायला नको होतं. विष छातीत गेलंय हेही खोटं नव्हतं. कैलाससरांनी त्या खऱ्या दुखण्यावरच टब मांडला होता.

पण गयाबाईने या भागात काळ्या पाण्याखेरीज आणखीही एक गोष्ट पाहिली होती. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका सिंधी सेठच्या प्लेटिंगच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं काढली होती. पट्ट्यांची बक्कलं, नळाच्या तोट्या तारेला अडकवून टाकीत सोडायच्या आणि करंट चालू करायचा. एका बाजूची पट्टी झिजत जायची आणि मालावर निकेल चढायचं. सेठ ओरडायचा, "अरी गया, पानी पट्टी खा गया, नई डाल." एकदा कुणीतरी चुकून लोखंडाची पट्टी मिठाच्या पाण्यात सोडून करंट चालू केला, तर घटकाभरात टाकीत असाच तपकिरी गाळ झाला होता.

"हा तर गंज आहे," ती मोठ्याने म्हणाली.

"ए मावशी, गप बस ना," मागून द्रौपदीबाई खेकसल्या. त्या तीन महिने सरांच्या कॅप्सूल घेत होत्या. "माझे गुडघे बघ. जिना चढते मी आता. आणि चेहरा बघ कसा भरलाय."

"पुनवेचा चंद्र," सर माईकमध्ये म्हणाले, आणि हॉल हसला.

मग पायलचा नंबर आला. तिला आठव्या वर्षापासून साखर होती, रोज चार वेळा इन्सुलिन घ्यावं लागायचं. हे ऐकल्यावर सरांनी पाण्यात मिठाची आख्खी मूठ सोडली. महेंद्रच्या वेळी चिमूट टाकली होती, ते गयाबाईने पाहिलं होतं. पायलचं पाणी पाच मिनिटांत डांबरासारखं झालं.

"पॅनक्रियाची गटार झालीय," सर हळहळले. "आणि ही गटार कोण भरतंय? सुई. आजपासून सुई बंद. अमृतवेल पावडर दोन टाईम, कॅप्सूल तीन टाईम. पहिले चार दिवस त्रास होईल. होऊ द्या. विष भांडल्याशिवाय घर सोडत नाही."

घरी आल्या आल्या महेंद्रने फ्रीज उघडला आणि इन्सुलिनच्या बाटल्या मोरीत आपटल्या. यशोधरा शेवटची बाटली वाचवायला धावली. बाटली दोघांच्या हातात फुटली, तिचा तळवा चिरला, आणि ती सोडत नाही म्हणून त्याने तिच्या कानशिलात दिली. सोळा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

"बाबासाहेबांच्या फोटोखाली उभा राहून बायकोवर हात टाकतोस?" गयाबाई मध्ये पडली.

"तू सातवी पास आहेस, आई. मध्ये बोलू नको." त्याने तिला ढकललं. ओट्याची कड तिच्या बरगडीत बसली.

त्याने कारखान्यात रजा टाकली आणि दाराशी खुर्ची घालून बसला. पोरीला सुई लागू द्यायची नाही, यासाठी तो बाप पहारा देत होता. दुसऱ्या दिवशी पायल तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला लागली. रात्रभर उलट्या झाल्या. तिसऱ्या सकाळी ती धापा टाकत होती आणि तिच्या श्वासाला पिकून सडलेल्या फळासारखा वास येत होता.

"आजी, मला टोच ना," ती पुटपुटली. "पप्पांना सांगू नको."

महेंद्रने सरांना फोन लावला. सर म्हणाले, विष भांडतंय, डबल डोस न्यायला या. तो हेंद्रेपाड्याला गेला तेवढ्यात दोघी सासू-सुनांनी पोरीला चादरीत घालून रिक्षात टाकलं आणि उल्हासनगरचं सरकारी इस्पितळ गाठलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बोटाचं रक्त घेतलं. "मशीन आकडाच दाखवत नाहीये," त्या म्हणाल्या. "साखर मशीनच्या वर गेलीय. इन्सुलिन किती दिवस बंद आहे?"

"तीन," यशोधरा म्हणाली.

डॉक्टरीणबाई धावल्या.

शेजाऱ्यांकडून कळल्यावर तासाभराने महेंद्र आला तो वॉर्डाचं दार लाथेने उघडून. त्याने सलाइनचा स्टँड धरून ओढला, नळी ताणली गेली, पायलच्या हातातून रक्ताची चिळकांडी उडाली. दोन वॉर्डबॉयनी त्याला भिंतीला दाबला. त्याच्या मोबाईलवर सर बोलत होते, "अर्धवट सोडलं की विष उलटं चढतं. संध्याकाळपर्यंत टबात बसवलं नाही तर पोरगी वाचवणं माझ्या हातात नाही."

"सही कुठे करायची?" महेंद्र ओरडत होता. "माझी पोरगी आहे, मी घेऊन जाणार."

गयाबाई त्याच्या समोर उभी राहिली. "ने. पण आधी दोन तास मला दे. त्या टबापाशी माझ्याबरोबर चल. मी खोटी ठरले तर मी स्वतः तिला उचलून टबात बसवीन."

वॉर्डबॉयनी त्याची मान सोडली. तो आईकडे बघत राहिला. "दोन तास," तो म्हणाला.

सरांचं शिबिर आठवडाभर होतं, हॉल तसाच भरलेला होता. गयाबाई मंचावर चढली आणि खुर्चीत बसली. "माझे पाय धुवायचेत," ती म्हणाली.

"या मावशी, वेलकम. बहात्तर वर्षांचं विष आज—"

"पाणी ताजं भरा." नवं पाणी आलं. तिने कमरेच्या पिशवीतून मीठ काढलं आणि दोन मुठी पाण्यात टाकल्या. मग पाय वर घेतले आणि खुर्चीवर मांडी घातली. "आता बटण दाबा."

कैलाससर हसले, पण तोंडाच्या एकाच बाजूने. "मावशी, पाय आत पाहिजेत ना."

"का? विष पायातून येतं ना? मग पाय नसले की पाणी साफ राहील. बटण दाबायला काय जातंय?"

"सनी, यांना उतरव."

सनी म्हणजे सरांचा माणूस, दाराएवढा रुंद. त्याने गयाबाईचा दंड पिरगाळून तिला खुर्चीतून खेचलं. ती टबाच्या कडेवर आपटली आणि कपाळ फुटलं. "म्हातारीला बाहेर फेका," पब्लिकमधून आवाज आला. द्रौपदीबाईंनी चप्पल भिरकावली, ती तिच्या तोंडावर बसली. अजून दोघंतिघं मंचावर चढले, कुणी तिचे केस धरले, कुणी लाथ घातली. कैलाससर डोळे मिटून माईकमध्ये शांतीचा मंत्र म्हणत होते.

महेंद्र खाली उभा होता. आईच्या तोंडातलं रक्त बघून तो जागचा सुटला. त्याने सनीला खुर्ची हाणली. सनीने त्याच्या नाकावर मुक्का मारला, हाड मोडल्याचा आवाज पुढच्या रांगेत ऐकू गेला. पडता पडता महेंद्रने डब्याचं बटण दाबलं आणि डब्यावर अंग टाकलं. लाथा बसत राहिल्या, तो हलला नाही.

"बघा रे," गयाबाई जमिनीवरूनच म्हणाली. "मला मारून झालं की पाण्याकडे बघा."

आधी पुढच्या रांगेने पाहिलं. मग मागचे खुर्च्यांवर चढले. टबात कुणाचाही पाय नव्हता. पाणी पिवळं झालं, नारिंगी झालं, तपकिरी झालं. फेस आला. काळे कण फिरायला लागले.

सनीची लाथ हवेतच थांबली.

"हे... हे हॉलच्या हवेतलं प्रदूषण," सर म्हणाले. "मशीन पॉवरफुल आहे, ते हवेतलंसुद्धा—"

"कुणाचं लिव्हर आहे रे हे?" मागून कुणीतरी विचारलं. "खुर्चीचं?"

गयाबाईने वायर काढली, नळकांडं पाण्यातून उपसलं आणि पदराने पुसलं. सळ्या उंदराने कुरतडल्यासारख्या झिजल्या होत्या. "हे लोखंड आहे. मिठाच्या पाण्यात करंट सोडला की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज होतो. मीठ जास्त तर करंट जास्त, पाणी जास्त काळं. दुखणं मोठं दिसलं की हा मूठभर टाकतो, लहान दिसलं की चिमूटभर. एवढंच याचं शास्त्र."

मग लोक उसळले. ज्यांनी तिला लाथा घातल्या होत्या तेच आधी धावले. कैलाससरांचा कोट फाटला, नळी त्यांच्याच गळ्याला आवळली गेली, ओठ फाटून दातांपर्यंत आला. सनी मागच्या दाराने पळाला. कुणीतरी कॅप्सूलच्या डब्यांना काडी लावली. आणि महेंद्र, नाकातून रक्त गळत, लोखंडी खुर्चीचा पाय सरांच्या डोक्यावर उगारून उभा राहिला.

गयाबाईने त्याचं मनगट धरलं.

"सोड, आई. याने माझ्या पोरीला मारलं असतं."

"याने सांगितलं. बाटल्या कुणी फोडल्या?"

महेंद्रचा हात खाली आला.

"आणि तुम्ही," ती वळून लोकांना म्हणाली, "दहा मिनिटांपूर्वी याच्यासाठी मला मारत होता. आता माझ्यासाठी याला मारताय. हात तेच, डोकं दोन्ही वेळा घरी. याला पोलिसांत द्या. मेला तर उद्या दुसरा येईल, दुसरा टब आणेल."

द्रौपदीबाई पुढे आल्या, खाली मान घालून. "मावशी, मग आम्ही काय घ्यायचं? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते घेऊ."

गयाबाईला त्या लाथांपेक्षा हे जास्त लागलं. "मला विचारू नका," ती म्हणाली. "मी प्लेटिंगवाली. मी सांगते म्हणून तर मुळीच मानू नका. दोन खिळे घ्या, वाटीभर मीठपाणी, टॉर्चचे सेल. घरच्या बोर्डात वायर खुपसू नका, मराल. आपापल्या डोळ्यांनी बघा. तुमच्या छातीत कंपनीची हवा आहे, ते खरं आहे. ती पायातून निघत नाही. छाती डॉक्टरला दाखवा आणि हवेबद्दल कंपनीच्या गेटवर जाऊन विचारा. आणि जो म्हणेल चालू औषध बंद करा, त्याला म्हणा, माझ्या डॉक्टरसमोर येऊन सांग."

जाळातून वाचलेल्या कॅप्सूल पोलिसांनी तपासायला पाठवल्या. महिन्याभराने कळलं, त्यांत स्टेरॉइड होतं. दुखणं दाबणारं, चेहरा सुजवणारं आणि रक्तातली साखर वाढवणारं. पुनवेचा चंद्र म्हणजे सूज होती.

पण त्या दिवशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी महेंद्र नाकाला पट्टी बांधून वॉर्डात आला आणि खाटेपासून दोन हात लांब उभा राहिला. पायलचा श्वास आता सरळ चालला होता. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, घरी गेल्यावर इंजेक्शन कोण देणार, त्याला पुन्हा नीट शिकवायचंय.

"मी देईन," महेंद्र म्हणाला.

"नाही," पायल म्हणाली. आवाज बारीक होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "माझं मी घेईन. पप्पा, तुम्ही फक्त शिकून घ्या, हे बंद केल्यावर माझ्या आत काय होतं ते. डॉक्टर सांगतील. नीट ऐका, आणि समजलं नाही तर विचारा."

महेंद्रने स्टूल ओढलं, डॉक्टरीणबाईंच्या समोर बसला, आणि म्हणाला, "सांगा, मॅडम. पहिल्यापासून सांगा."