तीन बोटं गवतावर

रविवारी चर्चमधून आलं की माझा भाऊ कितिओने आणि माझा नवरा हेनेली जेवायला समोरासमोर बसायचे, आणि ताटातली वाफ निवायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं. कितिओने आमच्या टोंगा बेटांवर असताना गावाच्या संघातून रग्बी खेळलेला. इथे अमेरिकेतल्या सॉल्ट लेक शहराच्या पश्चिम भागात आमच्या मंडळींचा रग्बी संघ आहे, त्याला शिकवतो तोच. हेनेली मात्र लहानपणीच अमेरिकेत आला, इथल्या शाळेत फुटबॉल खेळला. पायाने खेळायचा तो नव्हे, इथला, हेल्मेट घालून खेळतात तो.

भाऊ म्हणायचा, खांद्यावर गाद्या बांधून पाच सेकंद धावायचं आणि मग अर्धा मिनिट कमरेवर हात ठेवून उभं राहायचं, याला खेळ कोण म्हणेल. नवरा म्हणायचा, तुमची पंधरा माणसं चिखलात लोळतात आणि चेंडू पुढे फेकायची अक्कल एकालाही नाही. आमचा खेळ डोक्याचा आहे.

दोघांच्या मधे बसून मुकाट जेवायचा तो माझा भाचा, कितिओनेचा मुलगा साइमोने. विद्यापीठाच्या संघातून चार वर्षं फुटबॉल खेळला, तेव्हा वस्तीतल्या घराघरांत त्याचा फोटो लागला होता. पण पुढे मोठ्या संघांनी त्याला घेतलं नाही. चोविसाव्या वर्षी तो घरी परतला आणि बापाने त्याला आपल्या संघात ओढलं. अंगात ताकद होतीच. खोड एकच होती. समोरच्याला पकडताना तो डोकं पुढे घालायचा. हेल्मेट असताना ते चालून जायचं. कितिओने सरावात घसा फोडून सांगायचा, "डोकं मागे ठेव, गाल त्याच्या ढुंगणाला लाव आणि हातांनी आवळ." पोरं हसायची. मला हसू यायचं नाही.

एप्रिलमधला तो शनिवार अंतिम सामन्याचा होता. डोंगरावर अजून बर्फ होता आणि मैदानाभोवतीच्या दोरीला आमची सगळी वस्ती टेकून उभी होती. मध्यंतराला दहा मिनिटं उरली असतील. समोरच्या संघाचा एक आडदांड गडी चेंडू घेऊन सुटला आणि साइमोने त्याच्या पायांत शिरला, डोकं पुढे घालूनच. त्या गड्याचा गुडघा याच्या कानशिलावर बसला. दोघं पडले, चेंडू निसटला, आणि सगळ्यांचे डोळे चेंडूमागे गेले. पंचाचेही.

मी साइमोनेकडे बघत राहिले. तो लगेच उठला, माती झटकली. मग चार पावलं मागे गेला, वाकला, उजव्या हाताची तीन बोटं गवतावर टेकवली आणि तसाच थांबला. फुटबॉलमध्ये डाव सुरू व्हायच्या आधी असं थांबतात. पण इथे डाव थांबलेलाच नव्हता. माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी धावत होती आणि तो मान वर करून कुणाच्या तरी इशाऱ्याची वाट बघत होता.

दोरीपाशी हशा पिकला. "बघ," हेनेली मला म्हणाला, "रक्तात काय आहे ते कळलं ना?"

वृद्धाश्रमात मी सव्वीस वर्षं म्हाताऱ्यांची सेवा केली आहे. पडून डोक्याला मार बसलेली माणसं मी पाहिली आहेत. ती रडत नाहीत, ओरडत नाहीत. ती कुठल्या तरी दुसऱ्याच दिवसात जाऊन बसतात.

मी दोरीच्या कडेने भावाजवळ गेले आणि सांगितलं, त्याला बाहेर काढ.

"ताई, दहाच मिनिटं. मध्यंतराला बघतो."

मी म्हटलं, तो कुठे आहे हे त्याला कळत नाही.

"थट्टा करत होता गं तो. आणि डोकी त्या खेळात फुटतात, हेल्मेटच्या भरवशावर धडका देतात म्हणून. आपल्यात नाही."

तेव्हा दोन वर्षं पोटात ठेवलेलं मी बोलले. विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षी एका सामन्यानंतर मी त्याला आणायला गेले होते. गाड्या लावायच्या जागेत तो चाकाशी बसून ओकत होता. मला म्हणाला, आत्या, आपण कुठे आलोय? थोड्या वेळाने भानावर आला आणि त्याने माझे हात धरले, कुणाला सांगू नकोस म्हणाला. आणि मी सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी तो खेळला, आणि मी त्याच्या नावाचा सदरा घालून टाळ्या वाजवल्या.

"दोन वर्षं, ताई?" कितिओने एवढंच म्हणाला. आमच्यात भाऊ मोठ्या बहिणीवर आवाज चढवत नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याच्या उत्तराची वाट न बघता मी दोरीखालून आत गेले. साठीची बाई, आमच्यात चर्चला आणि मानाच्या दिवशी नेसतात ती चटई कमरेला गुंडाळलेली, चालत्या खेळात मैदानाच्या मधोमध. पंचाने शिट्टी फुंकली, कुणीतरी शिवी दिली. मग आमच्या पोरांनी मला ओळखलं आणि सगळी जागच्या जागी उभी राहिली. आत्यापुढे आमच्यात कुणी बोलत नाही. हा मान मी जन्मभर लग्नात पुढे बसण्यापुरताच वापरला होता.

मी साइमोनेचा हात धरला. त्याच्या एका डोळ्यातली बाहुली दुसरीपेक्षा मोठी वाटत होती, की उन्हामुळे मला तसं वाटलं, देव जाणे.

"आत्या," तो हळूच म्हणाला, "अजून किती यार्ड?" फुटबॉलमध्ये पुढच्या डावाआधी विचारतात तसं.

"झाले," मी म्हटलं. "चल."

दवाखान्यात दोन तास आम्ही बाकावर बसून होतो. आतून कुणी येत नव्हतं. दार उघडलं की आम्ही तिघंही उठायचो आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जायचं. शेवटी हेनेलीच्याने राहवेना. तो म्हणाला, गुडघा रग्बीतला होता. कितिओने म्हणाला, आधीचे मार कुठले होते ते विचार. मी म्हटलं, "डोकं एकच आहे त्याचं."

डॉक्टरीणबाई तरुण होती. आम्हाला आत बोलावून तिने त्याला आमच्यादेखत विचारलं, याआधी असं किती वेळा झालं. साइमोनेने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बोटांवर मोजायला लागला. आठवतात तेवढे पाच, म्हणाला. कितिओने भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तपासणीत रक्तस्राव दिसला नव्हता, पण बाईने सांगितलं की आता कुठलाच खेळ नाही, हेल्मेट घालून नाही आणि न घालूनही नाही.

संघ हरला होता. साइमोने तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. चौथ्या आठवड्यात माझं अंगण झाडायला आला, झाडून झाल्यावर दारात उभा राहून म्हणाला, "आत्या, मला त्या दिवसातलं काहीच आठवत नाही. तू मला हाताला धरून नेलंस म्हणतात." मी हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि गेला.

आता तो विमानतळावर सामान चढवायच्या कामाला आहे. रविवारी जेवायला येतो. कितिओने आणि हेनेली वाद घालतातच, पण आवाज खाली ठेवून, आणि तो पाणी प्यायला उठला की थांबतात. मागच्या रविवारी तो मला काहीतरी वाढायला सांगत होता आणि मधेच अडला. हात पातेल्याकडे केलेला, तोंड उघडं, शब्द येईना. टेबलावर सगळ्यांचे चमचे थांबले. कितिओनेने डोळे मिटून घेतले.

"रताळं," साइमोने म्हणाला.

मी त्याला दोन वाढली.