कुलूपबंद शाळेची हजेरी

आकडेखात्यातल्या त्या बाईंना सगळे टक्केताई म्हणत. सरकारी शाळांची हजेरी तपासायची हे त्यांचं काम, आणि त्यातला एक नियम त्यांनीच घालून दिलेला : वर्षभर शंभर टक्के हजेरी दाखवील ती शाळा खोटी धरायची. अहो, देवाच्या दारीसुद्धा रोज सगळे येत नाहीत, मग शाळेत कुठून येणार?

यंदा अशी एकच शाळा निघाली. मास्तर एक, मुलं एकतीस.

"जाऊन बघा," साहेब म्हणाले. "आकडा खोटा निघाला तर मास्तर घरी."

टक्केताई न कळवता सकाळी साडेदहाला पोचल्या. बघतात तर शाळेला हे भलंमोठं कुलूप! मनातल्या मनात त्यांनी मास्तरांना घरी धाडूनही टाकलं. इतक्यात कुठूनसा सतराचा पाढा ऐकू आला, तोही ठेक्यात. आवाजाचा माग काढत त्या दोन गल्ल्या ओलांडून एका अंगणात शिरल्या.

भिंतीला फळा टेकवलेला, समोर मुलांच्या रांगा. आणि खिडकीत, पायाला प्लास्टर घातलेली एक मुलगी खाटेवर बसून सगळ्यांच्या वरताण ओरडत होती.

"हे काय चाललंय, मास्तर?"

"शाळा."

"शाळा तिकडे आहे!"

"ती इमारत झाली, ताई. हिचा पाय मोडलाय. तिला येता येईना, म्हणून आम्ही आलो."

"आणि कुणी तापाने फणफणला तर?"

"दाराशी उभं राहून गोष्ट सांगतो. आतून हुंकार आला की हजेरी लागली."

"नाही आला तर?"

"अजून तशी वेळ आली नाही. गोष्टी बऱ्या असतात माझ्या."

आतून मुलीची आजी कडाडली, "मास्तर, कालचा खडू माझ्या धुतलेल्या चादरींवर उडालाय! आज फळ्याचं फडकं पलीकडे झटका!"

भक्ताला पायरी चढवेना, तर देवच खाली उतरतो म्हणतात. इथे अख्खी शाळा उतरली होती. टक्केताईंचे डोळे भरून आले; पण कामाला चोख बाई, त्यांनी बोट दाखवून दाखवून मुलं मोजली. दोनदा.

अहवालात लिहिलं : आवारात शून्य, वर्गात एकतीस.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, हे बसवू कुठल्या रकान्यात?"

"नवा आखा. मास्तरांना घरी पाठवून चालायचं नाही, साहेब. ते पोरांच्या घरी आधीच जाऊन बसलेत."

साहेब खो खो हसले आणि सही ठोकली. मास्तर राहिले.

टक्केताई मात्र हसल्या नाहीत. गेल्या तीन वर्षांत त्यांनी न बघताच खोट्या धरलेल्या पाच शाळा होत्या. कपाट उघडून त्यांनी ती पाच नावं काढली, पदर खोचला आणि गाडीवानाला हाक मारली,

"दादा, उद्या सकाळी लवकर या. लांब जायचंय."