पाव की पाऊण?

मित्रांनो, दुसऱ्यांचं बोलणं पोचवण्यात माझा जन्म गेला. स्वतःचं म्हणून एक वाक्य कधी बोलता आलं नाही, ते आज बोलून घेतो. मी एक जुना टेलिफोन आहे, इस्पितळाच्या वॉर्डातला. सध्या माझा मुक्काम त्याच वॉर्डाला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत, एका मोडक्या व्हीलचेअरवर आहे. मधली भिंत नुसत्या फळ्यांची आहे. पलीकडचं सगळं ऐकू येतं, आणि म्हणूनच जिवाला स्वस्थता नाही.

कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी रिसीव्हर कानाला लावला आणि शेजारणीला म्हणाल्या, "याचा आवाज बघ, कसा खणखणीत!" मला वाटलं, आपण एखाद्या घरात जाऊ, पोरांच्या गप्पा ऐकू. नशिबात सिस्टरांचं टेबल होतं. तिथे माझी बडदास्त चांगली होती. सिस्टर रोज स्पिरिटच्या बोळ्याने मला पुसायच्या. पण मी लवकरच घाबरट झालो, कारण चुका माझ्यातूनच ये-जा करायच्या.

ऑपरेशनच्या खोलीतून विचारायचे, "गुडघा कुठला?" इकडून उत्तर जायचं, "उजवा." आता पेशंटचा उजवा, की त्याच्यासमोर उभं राहिलेल्याचा उजवा? एकदा भलताच गुडघा उघडला गेला. एकदा रक्ताचा वाईट रिपोर्ट माझ्यावरून कळवला, तर ऐकणारी सिस्टर ड्युटी संपवून, पर्स खांद्याला लावून निघालीच होती. "सांगते," म्हणाली, आणि तिच्या जागी आलेलीला सांगायचं राहून गेलं. त्या पेशंटचा ताप का उतरत नाही, म्हणून सगळे डोकं खाजवत बसले. मित्रांनो, यांतलं कोणीच दुष्ट नव्हतं. कोणी दमलेलं होतं, कोणी घाईत होतं, आणि बरेचजण भ्यालेले होते. भ्यायचे ते मोठ्या डॉक्टरांना.

डॉक्टर हुशार होते, हाताला गुण होता. पण पुन्हा विचारलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही. "तेच तेच काय विचारता? कान घरी ठेवून आलात का?" असं ते माझ्यातून इतक्या जोरात ओरडायचे, की समोरच्या खाटेवरचा पेशंटही दचकायचा.

त्या खाटेवर एकदा एक शिंपीकाका आले. हृदयाचे ठोके बिघडले होते. सोबत त्यांची लेक होती. काकांचा स्वभाव मोठा मिश्कील. सिस्टरांच्या एप्रनची शिलाई उसवलेली पाहून म्हणाले, "सुई द्या. इंजेक्शनची नको हं, माझ्यावाली."

त्यांच्या ठोक्यांवरची गोळी किती द्यायची, हे सिस्टरांनी माझ्यावरून विचारलं. डॉक्टर जिना उतरता उतरता बोलत होते. ते म्हणाले, "पाव. नंतर बघू." पण घाईत शब्द एकमेकांना चिकटले, शेवट तोंडातच राहिला, आणि फोन बंद झाला. सिस्टरांच्या कानात उतरलं, "पाऊण." माझ्या काळजात धस्स झालं. सिस्टरही घुटमळल्या. त्यांनी रिसीव्हर पुन्हा उचलला, क्षणभर हातात धरला आणि ठेवून दिला. ओरडा खायचा कोणी?

त्यांनी गोळीचे चार तुकडे केले. तीन काकांना दिले. चौथा वाटीत, माझ्या शेजारी उरला. द्यायचा होता तो नेमका तोच. मी त्याच्याकडे बघत राहिलो. गळ्यात शब्द होता आणि घंटी वाजवणं माझ्या हातात नव्हतं.

पुढे रोज तेच. राउंडला डॉक्टर विचारायचे, "गोळी चालू आहे ना?" सिस्टर म्हणायच्या, "चालू आहे." किती, हे ना त्यांनी विचारलं ना यांनी सांगितलं. काकांचं जेवण तुटलं, मळमळ सुरू झाली. मग एका सकाळी ते म्हणाले, "चादर पिवळी का घातलीत?"

चादर पांढरीशुभ्र होती. सगळे हसले. शेजारचा पेशंट म्हणाला, "शिंपी म्हटल्यावर कापडातच खोट दिसणार!"

लेक हसली नाही. ती टेबलाशी आली. "सिस्टर, माझे बाबा कापडाचा रंग कधी चुकत नाहीत. त्यांना काहीतरी होतंय. बघा ना!"

सिस्टरांनी नाडी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. ठोके फार सावकाश पडत होते. आणि पुढच्या गोळीचे तुकडे तयार होते. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या वेळी त्यांनी रिसीव्हर उचलला आणि नंबर फिरवला.

"डॉक्टर, चिडा हवं तर. गोळी पाव की पाऊण?"

"पाव! चतकोर! किती वेळा..." आणि डॉक्टर थांबले. त्यांचा श्वास माझ्यात ऐकू येत होता. "तुम्ही किती देताय?"

"पाऊण."

"बंद करा. आलोच."

ते अक्षरशः धावत आले. "ही गोळी जास्त झाली की पांढरंही पिवळं दिसतं," म्हणाले. काका वाचले, पण कित्येक दिवस लेकीचा जीव टांगणीला होता, आणि माझाही. चौकशी झाली. "फोन खरखरतो," असं ठरलं. डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी त्याखाली सह्या केल्या. मित्रांनो, मी खरखरलो नव्हतो हो! पण खापर माझ्यावर फुटलं आणि इथे माझी रवानगी झाली.

त्याचं वाईट वाटलं. तरी एक समाधान होतं. दुसऱ्या दिवसापासून फळ्यांपलीकडे डॉक्टरांचा आवाज यायचा, "काय ऐकलंत? म्हणून दाखवा." आणि सिस्टर म्हणून दाखवायच्या, "चार तुकड्यांतला एक." ते ऐकलं की मला गाढ झोप लागायची.

म्हणून सांगतो, कळलं नाही तर पुन्हा विचारा, भिऊ नका. आणि मोठे व्हाल तेव्हा, कोणी पुन्हा विचारलं तर त्याच्यावर ओरडू नका. आम्हा फोनांची निगा राखालच, पण ऐकलेल्या शब्दाचीही राखा.

थांबा. पलीकडे नवा फोन वाजतोय. नवीन आलेल्या सिस्टरांनी उचलला. "हो... हो... बरं." ठेवला.

म्हणून दाखवलं नाही. वाटीचा आवाज येतोय. गोळी कापताहेत. अहो, कोणीतरी विचारा ना त्यांना, किती म्हणाले?