न पुकारलेलं नाव

यादीवर सत्तावीस आणि शाळेच्या खोलीतही सत्तावीस. सविताने पोरं दोनदा मोजली, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

सोनईजवळच्या त्या गावाची लोकसंख्या बाराशे. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला, की ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे पाल्याच्या झोपड्या, पडतात आणि गाव शे-दीडशे माणसांनी फुगतं. ही वाढीव माणसं कुणाच्याच दप्तरी धड नसतात. ती टिपायचं काम अंगणवाडीच्या सविताकडे. आज दुपारी ओढ्याकाठच्या उसात बिबट्या दिसला, तेव्हा पोरं शाळेत हलवायला तिचीच यादी कामी आली. आईबाप लांबच्या फडात तोडीवर होते. सविताने कोप्यांपुढे उभं राहून एकेक नाव पुकारलं आणि वनरक्षक बजरंगने पोरं ट्रॉलीत चढवली.

आता ती बिस्किटं वाटत होती. बनुबाईच्या सात वर्षांच्या दिशाने चार पुडे उचलले.

"तिघंच ना गं तुमी?"

"चौघं. ज्ञानू कोपीत निजलीय."

"मग तिला का न्हाई आनलं?"

"तुमी तिचं नाव घेतलं न्हाई," दिशा म्हणाली. "ज्याचं नाव घेतलं त्यानंच यायचं, आसं तुमीच म्हन्लात."

सविताने यादी उघडली; बनुबाईपुढे तीनच नावं होती. पोरांचा खरा आकडा सांगितला की दृष्ट लागते, म्हणून कोप्यांतल्या आया एक कमी सांगतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिची स्वतःची आईही तसंच करायची. महिन्यापूर्वी "तीन" म्हणताना बनुबाईने नजर चुकवली, तेव्हा शंका आलीच होती. पण ऊन तापलं होतं, अजून वीस कोप्या राहिल्या होत्या. तिने तीन लिहून टाकले. वर घरी जाऊन आपल्या दोघी पोरींपुढे असल्या खुळचटपणाला हसलीही.

बजरंगने मोटारसायकलला किक मारली, सविता मागे बसली. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच ऊस. तिला देवाचं नावसुद्धा आठवेना. अडीच वर्षांचं लेकरू, आणि कोपीला दार म्हणून एक जुनी साडी.

एरवी अंगावर येणारी कुत्री आज कुठेच नव्हती. बजरंगने हाताने तिला थांबवलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं. सांडपाण्याच्या ओल्या मातीत ताजे पंजे उमटले होते, थेट बनुबाईच्या कोपीपर्यंत. आपल्या आळसापायी एका आईचं लेकरू जातंय, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

बजरंगने काठी आपटत साडी बाजूला सारली. आत गोधडी रिकामी होती.

"ज्ञानू," सविताने हाक मारली. तिने पुन्हा नाव घेतलं.

पत्र्याच्या पेटीमागून एक डोकं वर आलं. पोर अंग चोरून बसली होती, रडतही नव्हती. पंजे साडीपाशी येऊन मागे वळले होते.

सविताने तिला उचलून छातीशी घट्ट धरलं. परतताना सविता सारखी मागे वळून बघत होती, म्हणून बजरंग उगाच काहीबाही विचारू लागला.

"ताई, तुमाला किती लेकरं?"

सविताने उसाकडे पाहिलं.

"एकच," ती म्हणाली.